अक्कलदाढ गेली, चव शाबूत आहे

या दातांच्या दवाखान्याला पाचपैकी चार तारे. एक का कापला ते शेवटी सांगते.

माझा डब्यांचा धंदा आहे, नारायण पेठेत, रोज ४५ डबे. आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाखल्याशिवाय मी डबा भरत नाही. उजवीकडची खालची अक्कलदाढ वयाच्या ४१व्या वर्षी त्रास द्यायला लागली. अर्धी वर, अर्धी हिरडीच्या टोपीखाली. त्या टोपीत भाताचं शीत अडकायचं, सूज यायची, गोळ्या घेतल्या की उतरायची. तिसऱ्या खेपेला तर तोंडात चमचा जाईना.

आधी एका दुसऱ्या दवाखान्यात गेले होते. तिथे चारही अक्कलदाढांचं पॅकेज पुढे ठेवलं. दुखत होती एक!

इथे ओरल सर्जन मॅडम फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी येतात. त्यांनी पूर्ण जबड्याचा एक्स-रे (ओपीजी) काढायला लावला आणि समोर लावून दाखवला. एसटीत झोपलेला शेजारी आपल्या खांद्यावर कलंडतो, तशी माझी दाढ पुढच्या दाढेवर रेललेली. पुढचीला कीड लागायला सुरुवातही झालेली. म्हणजे ही काढायचीच. वरच्या दोन्ही सरळ आलेल्या, "त्यांना हात लावायचं कारण नाही." डावीकडची खालची हाडात गाडलेली पण गप्प, तिच्यावर अधूनमधून लक्ष ठेवायचं. सूज असताना कापाकापी नको म्हणून आधी ५ दिवस गोळ्या.

मी विचारलं, "मॅडम, चव जाईल का हो?" त्या "काही होत नाही" म्हणाल्या असत्या तर मी उठून आले असते. त्यांनी सांगितलं, की दाढेच्या आतल्या अंगाने जिभेची नस जाते आणि मुळांखालून ओठाची. क्वचित जीभ किंवा ओठ काही आठवडे, महिने बधिर राहतो. अगदी क्वचित कायमचा. माझ्या एक्स-रेत मुळं आणि ओठाची नस यांच्यातलं अंतरही दाखवलं. मग मी सही केली.

इंजेक्शन टोचतं, नंतर नुसती ओढाताण आणि आवाज. हिरडी उघडली, थोडं हाड कोरलं, दाढेचे दोन तुकडे करून काढले, ३ टाके. ४० मिनिटं. ८,००० रुपये, ओपीजीचे वेगळे.

पहिल्या दिवशी थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही. खळग्यात रक्ताची गुठळी धरते, ती निसटली की हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका लागतो. हे सगळं मराठीत छापून देतात, तो कागद फ्रीजवर लावा. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, दुसऱ्या दिवसापासून मिठाचं कोमट पाणी. सूज दोन-तीन दिवस वाढली, माझा गाल मोदकासारखा झाला होता. दाढ काढली त्या रात्री अर्धी जीभ बधिर, आमटी ह्यांनी चाखली. दोन गिऱ्हाइकांचे फोन आले. चौथ्या दिवशी मी परत ओट्यापाशी.

मला न्यायला आलेल्या दिराचं तोंड मॅडमनी आम्ही न सांगताच तपासलं. तीन बोटं उभी मावायला हवीत, त्याची दोनच मावली. गालाच्या आत पांढरा चट्टा. त्या आठवड्यातच चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर नाही, पण गुटख्याने गाल आतून कडक होत चाललेत. गुटखा सोडला म्हणतो. मी खिसे तपासत नाही.

सासूबाई हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन घेतात. त्यांचा हलणारा दात काढायचा होता, तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आधी हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा, असं बजावलं.

आता तो तारा. अपॉइंटमेंट साडेसहाची, नंबर लागला पावणेआठला. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि सासूबाईंना मी जिन्यात तीनदा बसवलं.