अस्वलाच्या काडतुसांपायी गेलेले ३७९ डॉलर ९५ सेंट

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये काळ्या अस्वलाच्या शिकारीसाठी काडतुसे ऑनलाइन मागवताना मी फसलो. आधी २३१ डॉलर ९५ सेंट गेले आणि नंतर, अंगात संशय पुरेपूर भिनलेला असताना, आणखी १४८ डॉलर मी स्वतःच्या हाताने पाठवले. ही दुसरी रक्कम आजवर मी घरातही मोकळेपणाने सांगितलेली नाही. अशा बनावट दुकानांची रीत सगळ्यांना ठाऊक असते, मलाही होती. ती ठाऊक असलेला माणूस कसा फसतो, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

शिकारीवरून मला उपदेश करू इच्छिणाऱ्यांसाठी एकच वाक्य: भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वलाला संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे, मी राहतो त्या अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात काळ्या अस्वलाची शिकार परवान्याने, ठरलेल्या दिवसांत होते आणि मारलेले अस्वल चोवीस तासांच्या आत सरकारी तपासणी केंद्रावर न्यावे लागते. त्या वर्षी रायफलीच्या मुख्य हंगामाचे दिवस २१ ते २४ नोव्हेंबर असे चारच होते. लायकमिंग काउंटीतल्या एका खोपटात आम्ही तिघे उतरणार होतो. तिघांच्याही रायफली थर्टी-ऑट-सिक्सच्या, म्हणजे .३०-०६ या एकाच मापाच्या असल्यामुळे काडतुसांची खरेदी एकट्याने करावी असे ठरले, आणि वाचन माझे जास्त म्हणून ती जबाबदारी माझ्या गळ्यात आली.

वाचन खरोखरच झाले होते, आणि आता त्याचीच लाज वाटते. काळ्या अस्वलाची हाडे काही हत्तीची नव्हेत. नीट बसलेली साधी सॉफ्ट पॉइंट, म्हणजे उघड्या शिशाच्या टोकाची, गोळीही त्याला पुरते. अडचण येते ती नंतर. शरद ऋतूत त्याच्या कातडीखाली चरबीचा जाड थर साठलेला असतो, त्यावर दाट केस असतात. जखमेचे तोंड चरबीने बुजते, रक्त केसांतच मुरते आणि जनावर शंभर पावले गेले तरी जमिनीवर माग उरत नाही. म्हणून गोळी पसरली तरी पाहिजे आणि पलीकडून बाहेरही पडली पाहिजे. नुसती पसरून आत फुटणारी हलकी गोळी नको आणि न पसरता आरपार जाणारी लष्करी धर्तीची फुल मेटल जॅकेट, म्हणजे टोकासकट धातूने मढवलेली गोळी, तर नकोच नको. पेनसिल्व्हेनियात मोठ्या जनावरासाठी आदळल्यावर पसरणारीच गोळी वापरावी लागते, असा नियमही आहे. हा सगळा विचार करून मी १८० ग्रेनची, म्हणजे साधारण पावणेबारा ग्रॅम वजनाची, नॉस्लर पार्टिशन गोळी असलेले काडतूस निवडले. जॉन नॉस्लर या शिकाऱ्याची गोळी १९४६ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात एका मूसवर, म्हणजे तिकडच्या भल्यामोठ्या हरणावर, आदळून फुटली होती, त्या अनुभवातून त्यांनी ही गोळी घडवली. तिच्या आत मधोमध तांब्याची आडवी भिंत असते. पुढचे शिसे पसरते, मागचे भिंतीआड शाबूत राहून खोल जाते. हे मला पाठ होते, हे लक्षात ठेवा.

निवड झाली, पण माल कुठे होता? महामारी, दंगली आणि निवडणूक यांमुळे त्या वर्षी लोकांनी दुकाने धुऊन नेली होती. त्यातच बंदुका आणि काडतुसे बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने जुलैत दिवाळखोरी जाहीर केलेली. आमच्या भागातल्या पाच दुकानांत मी जाऊन आलो, फळ्या रिकाम्या. एका ठिकाणी सहा पूर्णांक पाच क्रीडमूरची दोन खोकी होती, ती माझ्या रायफलीला काय कामाची? शिवाय काडतूस बदलले की गोळी दुसरीकडे लागते, त्यामुळे हंगामाआधी नव्या खोक्यातली काडतुसे झाडून नेम जुळवायला किमान एक शनिवार हवा होता. ४ नोव्हेंबरच्या रात्री ते संकेतस्थळ सापडले, तेव्हा माझ्या हातात असे दोनच शनिवार उरले होते.

वीस काडतुसांचे खोके ३४ डॉलर ५० सेंट. बाजारात माल असताना मी याच खोक्याला याहून जास्त पैसे मोजले होते. टंचाईत स्वस्त मिळते ती वस्तू नसते, गळाला लावलेले आमिष असते. हे मी दुसऱ्या कुणालाही लगेच सांगितले असते. पण मी पत्ता तपासला, नकाशावर त्या जागी शिकारीच्या सामानाचे दुकान खरोखर दिसले आणि माझे समाधान झाले. पत्ता खरा असणे म्हणजे तो त्यांचा असणे नव्हे. नकाशा पाहू नका, तिथल्या दुकानाचा फोन दुसरीकडून शोधून फिरवा.

आता तो क्षण. पान उघडल्यावर कोपऱ्यात गप्पांची खिडकी होती. मी विचारले की १८० ग्रेनच्या पार्टिशनची सहा खोकी आहेत का, की १६५ ग्रेनचीच शिल्लक आहेत. उत्तर आले की दोन्ही आहेत, दोन्ही फुल मेटल जॅकेट आहेत आणि अस्वलासाठी फार उत्तम आहेत. मी ते वाक्य वाचले. दोनदा वाचले. पार्टिशन गोळीचे टोक उघड्या शिशाचे असते. तिला फुल मेटल जॅकेट म्हणणे म्हणजे शिऱ्याला भाकरी म्हणणे. जो माणूस काडतुसे विकतो आणि अस्वलासाठी फुल मेटल जॅकेट सुचवतो, त्याने आयुष्यात काडतुसाचे खोके उघडलेले नाही, एवढे समजायला तपासयंत्रणा लागत नाही. आणि मी काय केले? मालक जेवायला गेला की गल्ल्यावर बसलेला पोरगा काहीबाही सांगतो, तसे हे असेल, अशी त्याची बाजू मीच माझ्याशी मांडली. एवढेच नव्हे, तर मी त्याला सविस्तर उत्तर लिहून त्याची चूक दुरुस्त केली आणि त्याने आभार मानले! त्या आभारांनी मी सुखावलो, हे कबूल केल्याशिवाय हा वृत्तांत खरा होणार नाही.

पैसे भरताना कार्डाची सोय ‘तात्पुरती बंद’ होती. फोनवरून थेट खात्यात पाठवायचे होते. सहा खोक्यांचे २०७ डॉलर, वाहतुकीचे २४ डॉलर ९५ सेंट. क्रेडिट कार्डाने भरलेल्या पैशांबद्दल बँकेकडे वाद घालण्याचा हक्क अमेरिकेच्या १९७४ च्या कायद्याने दिलेला आहे. खात्यातून स्वतः पाठवलेल्या पैशांना तो लागू नाही. जिथे कार्ड चालत नाही तिथून उठा. कारण विचारत बसू नका.

दुसऱ्या दिवशी पार्सलचा क्रमांक आला, तो टपाल खात्याचा होता. अमेरिकेचे टपाल खाते काडतुसे घेतच नाही. ती खासगी कुरियरच्या ट्रकने, जमिनीवरूनच येतात. म्हणजे आपण फसलो, हे मला तेव्हाच कळले. त्यानंतर निरोप आला की माल घातक वर्गातला असल्याने १४८ डॉलरचा विमा भरावा लागेल, तो पार्सल पोहोचताच परत मिळेल, न भरल्यास पार्सल नष्ट केले जाईल. पहिल्या रकमेत १३८ डॉलर माझ्या दोन सोबत्यांचे होते. त्यांना तोंड कसे दाखवावे या विचाराने मी, बुडालेले पैसे वाचवायला म्हणून, दुसरे पैसे बुडवले. यावर हसायचे तर हसा. पण परत मिळणारी अनामत मागणारा विक्रेता भेटला तर हसू आवरून फोन ठेवून द्या.

नंतरची कथा फसवणुकीपेक्षा संतापजनक आहे. बँकेने चाळीस मिनिटे संगीत ऐकवून सांगितले की व्यवहार तुम्हीच मंजूर केला, सबब तो अनधिकृत नाही. पैसे गेले ते खाते कुणाचे, हे विचारल्यावर त्या ग्राहकाच्या गोपनीयतेचा मुद्दा निघाला. चोराची गोपनीयता माझ्या पैशांहून मोलाची ठरली. पोलीस ठाण्यात काडतुसे हा शब्द ऐकताच टेबलामागच्या अधिकाऱ्याने आधी माझेच ओळखपत्र मागितले, इतकी काडतुसे कशाला हवीत असे विचारले आणि शिकारीचा परवाना दाखवल्यावर, हे प्रकरण आमच्या हद्दीतले नाही, असे सांगून एक छापील कागद हाती दिला. त्या कागदावरच्या सरकारी पोर्टलवर मी दोन तास बसून सगळे संवाद, पावत्या आणि खाते-तपशील चढवले. बदल्यात एक तक्रार-क्रमांक मिळाला आणि नंतर कुणाचा शब्दही आला नाही. कहर केला तो एका ग्राहक-तक्रार कक्षाने. फेब्रुवारीत त्यांचे पत्र आले की संबंधित व्यापाऱ्यास नोटीस धाडली असून उत्तर आलेले नाही. नोटीस कुठल्या पत्त्यावर धाडली होती? नकाशावरच्या त्या खऱ्या दुकानाच्या! तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात मी लिहिले होते की त्या दुकानदाराचा याच्याशी काही संबंध नाही. त्या बिचाऱ्याशी मी आधीच बोललो होतो. तो ऑनलाइन काही विकतच नव्हता आणि माझ्यासारख्यांचे फोन घेऊन कावला होता. तीन महिने लावून सरकारने चोराऐवजी ज्याचे नाव चोरले त्याला जाब विचारला.

हंगामाला शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी कपाटातली १८० ग्रेनची सात जुनी कोअर-लोक्ट, म्हणजे रेमिंग्टनच्या साध्या पसरणाऱ्या गोळीची, काडतुसे दिली. ही गोळी १९३९ पासून बाजारात आहे, काळ्या अस्वलाला अगदी पुरेशी आहे, आणि पार्टिशनचा हट्ट मी धरलाच नसता तर कदाचित एवढे शोधत फिरावे लागले नसते. तीन काडतुसे नेम जुळवण्यात गेली. उरलेली चार घेऊन मी चार दिवस ओकच्या उतारावर बसलो. अस्वल दिसले नाही. सोबत्यांचे १३८ डॉलर मी रोख दिले, त्यांनी घेतले.

एप्रिलमध्ये तेच खोक्याचे छायाचित्र दुसऱ्या नावाच्या दुकानावर दिसले. शीर्षकात १८० ग्रेन, चित्रातल्या खोक्यावर १५०. ही विसंगती आधीच्या वेळीही होती, मी चित्र मोठे करून पाहिले नव्हते इतकेच. गप्पांच्या खिडकीत मी पार्टिशनबद्दल विचारले. फुल मेटल जॅकेट, अस्वलासाठी फार उत्तम, असे उत्तर आले. मी तो पत्ता पोर्टलवर कळवला आणि मला दुसरा तक्रार-क्रमांक मिळाला.