थायलंड जायंट: कुळागराच्या ओलीतले दीड मीटरचे पान

रोपवाटिकांत ‘थायलंड जायंट’ म्हणून मिळणारे हे रोप अळूच्याच गोतातले. जम बसला की एकेक पान सव्वा-दीड मीटरपर्यंत जाते, आणि कुळागरात, म्हणजे पोफळींच्या बागेत, विरळ सावलीत ते फार देखणे दिसते. ओलसर बागेसाठी मोठ्या पानांचे एकच झाड घ्यायचे तर हेच घ्यावे.

घेताना पान उलटून बघा. खालची बाजू पांढुरकी, पीठ भुरभुरल्यासारखी हवी आणि देठ काठाला नव्हे, पानाच्या जरा आत जोडलेला हवा. टोक आभाळाकडे करून उभे राहणारे पान बहुधा अलोकेशियाचे. तेही छान, पण झाड वेगळे. परदेशी फोटोंत दिसणारे अवाढव्य पानांचे झाड, गनेरा, मात्र मागू नका. तो ब्राझीलच्या थंड डोंगरांतला, आपल्या उष्म्यात टिकत नाही.

सगळी गोम निचऱ्यात आहे. याला ओल हवी, साचलेले पाणी नको. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जमिनीत खणलेला खड्डा जुलैत बादलीसारखा भरतो आणि कंद खालून कुजतो. म्हणून मे अखेरीस 60 सेंमी रुंद, 45 सेंमी खोल खड्डा घेऊन तळाशी उतार काढून द्या. माती, कुजलेले शेणखत आणि भरड रेती सारख्या मापाने, वर 200 ग्रॅम निंबोळी पेंड. भरल्यावर जमिनीपेक्षा 15-20 सेंमी उंचवटा राहिला पाहिजे. रोपाचा गाभा मातीत पुरू नका. दोन रोपांत दोन मीटर अंतर.

खालची पाने एकदम पिवळी पडली आणि मधला कोंब ओढताच हातात आला, तर कुज लागली समजा. कंद उपटून पांढरा गर लागेपर्यंत कापा, राख लावून दोन दिवस सावलीत सुकवा, मग नव्या जागी लावा.

फेब्रुवारीनंतर पानाखाली लाल कोळी ही कीड येते. पाण्याचा जोरदार फवारा खालून मारावा. बुंध्याशी नारळाची सोडणे पसरली की ओल टिकते. दुपारचे ऊन पान करपवते, आणि समुद्राचा वारा ते फाडून टाकतो, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या उघड्या अंगणासाठी हे रोप नव्हे.

एक उणीव खरी: साध्या अळूसारखी भराभर पिल्ले येत नाहीत, दुसरे रोप बहुतेक विकतच घ्यावे लागते. चिकाने खाज सुटते, छाटताना हातमोजे घाला. आणि पावसात तेरे (रानअळू) शिजवतात तसे हे पान शिजवू नका.