डिस्क कोणी भरली ते दाखवणारे एनसीडीयू

लिनक्स सर्व्हरची डिस्क भरली की माणूस आधी फाइली पुसायला धावतो आणि तिथेच घोटाळा होतो. जागा नेमकी कोणी खाल्ली हे पुसण्याआधी कळायला हवे, आणि त्या एका कामासाठी एनसीडीयू (ncdu) या आज्ञेइतके भरवशाचे साधन माझ्या वापरात दुसरे आलेले नाही. ते विनामूल्य आहे, २००७ पासून उपलब्ध आहे आणि जवळपास प्रत्येक लिनक्स वितरणाच्या भांडारात मिळते.

मी इंदूरमधल्या एका मराठी वाचनालयाचा सर्व्हर सांभाळतो. त्यावर डेबियन हे लिनक्स वितरण आणि कोहा ही ग्रंथालय-प्रणाली चालते, आणि सभासदांना घरबसल्या पुस्तके शोधता यावीत म्हणून सूची इंटरनेटवर खुली ठेवलेली आहे. अशा खुल्या सूचीवर बॉटचा, म्हणजे आपोआप पाने चाळणाऱ्या प्रोग्रामांचा, राबता फार असतो आणि त्यांच्या प्रत्येक विनंतीची ओळ अपाची या वेब सर्व्हरच्या लॉग (नोंदींच्या) फाइलमध्ये जमा होत राहते. एके सकाळी काउंटरवर देवघेवीची नोंद होईना. ग्रंथपालबाईंनी नाइलाजाने वही काढली आणि रांगेतल्या सभासदांची पुस्तके हाताने लिहून घेतली. डिस्कवरची मोकळी जागा दाखवणारी डीएफ ही आज्ञा डिस्कचे मुख्य विभाजन (पार्टिशन) १०० टक्के भरल्याचे सांगत होती. ईएक्सटी४ फाइलप्रणाली ५ टक्के जागा सहसा रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी, राखून ठेवते, त्यामुळे आत शिरून काम करता येत होते. डेटाबेसला मात्र लिहायला जागा उरली नव्हती.

एनसीडीयू रूटच्या अधिकाराने आणि 'एक्स' हा पर्याय देऊन चालवावे, म्हणजे ते त्याच फाइलप्रणालीपुरते मोजते आणि बाहेरून जोडलेल्या बॅकअप डिस्कमध्ये भरकटत नाही. मोजणी संपली की सर्वांत मोठे फोल्डर सर्वांत वर दिसते आणि त्याच्या शेजारी प्रमाण दाखवणारी पट्टी असते. एंटर दाबत 'व्हार', त्यात 'लॉग', त्यात 'अपाची' असे उतरत गेलो आणि बाकी सगळ्यांना झाकोळून टाकणारी एकच लॉग फाइल समोर आली. आकार मोजणारी डीयू आणि क्रम लावणारी सॉर्ट या आज्ञा जोडूनही हे साधते, परंतु प्रत्येक पायरीवर आज्ञा नव्याने लिहावी लागते, आणि काउंटरवर माणसे खोळंबलेली असताना तेवढी सवड नसते.

याच पडद्यावर 'डी' दाबून होकार दिला की फाइल पुसली जाते. ही सोय मला धोक्याची वाटते, आणि लॉग फाइलच्या बाबतीत तर ती उपयोगाचीही नाही. एखादी सेवा ज्या फाइलमध्ये लिहीत आहे ती पुसली, तर नाव नाहीसे होते पण सेवेने फाइल उघडी धरलेली असल्यामुळे जागा सुटत नाही. पुढे तर आणखी पंचाईत होते, कारण नाव उरले नाही म्हणून एनसीडीयूलाही ती फाइल दिसत नाही आणि डीएफचा आकडा जागच्या जागी राहतो. अशा फाइली एलएसओएफ या उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या आज्ञेने शोधाव्या लागतात. पुसण्याऐवजी ट्रंकेट या आज्ञेने फाइलचा आकार शून्यावर आणणे सुरक्षित, आणि नुसते पाहायचे असेल तेव्हा 'आर' पर्याय देऊन पुसण्याची सोय बंद ठेवावी. सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या जर्नलचे (नोंदींचे) फोल्डर फुगलेले दिसले तर तेही हाताने पुसू नये. जर्नलसीटीएल या आज्ञेच्या, जुन्या नोंदी काढणाऱ्या व्हॅक्यूम पर्यायाला मर्यादा द्यावी.

दुखण्याचे मूळ एनसीडीयू दूर करत नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. ते काम लॉग फाइली वेळोवेळी बदलून जुन्या काढून टाकणाऱ्या लॉगरोटेटचे. मात्र त्यात 'मॅक्ससाइझ' (कमाल आकार) लिहून निर्धास्त होता येत नाही, कारण डेबियनवर लॉगरोटेट मुळात दिवसातून एकदाच धावते आणि मधल्या वेळेत फाइल कितीही वाढली तरी तिच्याकडे कोणी पाहत नाही. म्हणून मी त्याचा टायमर दर तासावर आणला आणि बॉटसाठी अपाचीत निर्बंध घातले.

खरी उणीव वेळेची आहे. लाखो लहान फाइली असलेल्या जुन्या फिरत्या डिस्कवर मोजणी रेंगाळते आणि ती संपेपर्यंत यादी दिसत नाही. तरीही पाचपैकी साडेचार गुण मी आनंदाने देईन. ज्यांच्याकडे असा एखादा सर्व्हर सोपवलेला आहे त्यांनी एनसीडीयू आजच बसवून ठेवावे, कारण डिस्क गच्च भरल्यावर एपीटी या डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला नवे पॅकेज उतरवायलाही जागा मिळत नाही.