मॉब्री की इलेक्ट्रोड: बॉयलरच्या पाण्यावर पहारा कोणाचा?

भोसरी, चाकणकडे तासाला 1-2 टन वाफेचा बॉयलर घेताना हा प्रश्न हटकून येतो: पाण्याची पातळी मॉब्रीने (फ्लोटवर, म्हणजे तरंगत्या गोळ्यावर चालणारा स्विच) सांभाळायची की इलेक्ट्रोडने (पाण्यात सोडलेली धातूची सळई)? मत आधीच सांगतो: बॉयलरमध्ये पाणी भरणारा फीड पंप मॉब्रीवर चालू द्या, पण पाणी घटल्यावर बर्नर बंद पाडायचं काम, म्हणजे ट्रिप, स्वतंत्र इलेक्ट्रोडकडे द्या. दोन्ही कामं एकाच फ्लोटवर असली आणि तो वर अडकला, तर पंपही लागत नाही आणि ट्रिपही होत नाही.

मॉब्रीत फ्लोट वर-खाली होतो आणि त्याच्या चुंबकामुळे बाहेरचा स्विच पलटतो. पाण्यात क्षार किती, याच्याशी तिला देणंघेणं नाही. गाळाशी मात्र आहे. फ्लोटच्या चेंबरचा ब्लोडाउन (गाळासकट पाणी बाहेर सोडणं) प्रत्येक पाळीत हवाच.

इलेक्ट्रोडमध्ये हलणारं काही नाही. सळईचं टोक बुडालेलं असेपर्यंत कंट्रोलरचा बारीकसा प्रवाह पाण्यातून बॉयलरच्या धातूच्या शेलमध्ये जातो आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) ओढलेला राहतो. टोक उघडं पडो, वायर तुटो की वीज जावो, रिले सुटतो आणि बर्नर बंद. हा प्रवाह एसीच असतो. डीसीने टोकाशी विघटन होऊन सळई खराब होते. सळईच्या लांबीवर ट्रिपची पातळी ठरते आणि ती जागेवरच हॅकसॉने कापतात, तेव्हा माप दोनदा घ्या.

गोम आहे टेफ्लॉनच्या इन्सुलेटरमध्ये. त्यावर क्षारांचा ओलसर थर बसला की प्रवाह सळईतून थेट बॉडीत उतरतो आणि पाणी नसतानाही कंट्रोलरला पाणी ‘दिसतं’. बोअरचं पाणी आणि रिजनरेशन (मिठाच्या पाण्याने ताजा करणं) चुकलेला सॉफ्टनर (पाणी मृदू करणारं यंत्र) असेल तिथे हे ठरलेलंच. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढून उठलेला फेसही तसाच फसवतो. म्हणून शेवटच्या ट्रिपला स्वतःची गळती ओळखणारा सेल्फ-मॉनिटरिंग प्रोब घ्या. महाग पडतो, पण काटकसर दुसरीकडे करा.

चाचणीचंही बघा. ड्रेन झपकन उघडला तर अडकलेला फ्लोटसुद्धा पाण्याबरोबर खाली ओढला जातो आणि चाचणी पास! त्यापेक्षा आठवड्यातून एकदा पंप बंद ठेवून, आग चालू ठेवून पाणी सावकाश उतरू द्या. अटेंडंटने गेज ग्लाससमोरून (पातळी दाखवणाऱ्या काचनळीसमोरून) हलायचं नाही. ग्लासमध्ये पाणी दिसत असतानाच ट्रिप यायला हवा. नाही आला तर बर्नर हाताने बंद. आणि ग्लास रिकामी दिसली तर पंप मुळीच लावू नका. लाल झालेल्या भट्टीनळीवर गार पाणी म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

ब्रिकेटवर (भुशाच्या दाबून केलेल्या कांड्यांवर) चालणाऱ्या बॉयलरला ट्रिपने फक्त पंखे थांबतात, जाळीवरचे निखारे वाफ करतच राहतात. तिथे ट्रिपचं टोक तेलाच्या बॉयलरपेक्षा वर ठेवावं लागतं. ट्रिपनंतरचा रीसेट मात्र दोन्हीकडे हातानेच, बॉयलरसमोर उभं राहून.