प्राध्यापक भरतीची फाईल करायचीय? इथंच जा, फक्त शेवटच्या दिवशी नको

नवी पेठेत आतल्या बोळात आहे हे झेरॉक्स-डीटीपीचं दुकान. बाहेरून बघितलं तर लग्नपत्रिकावालं वाटतं, ते पण करतात म्हणा, पण सहायक प्राध्यापकाची जाहिरात निघाली की सोलापुरातले निम्मे नेट-सेटवाले, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास झालेले, इथंच उभे दिसतात. मी स्वतः सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवते, अर्ज भरणं हा आता जोडधंदाच झालाय, त्यामुळं पार्क चौकापासून जुळे सोलापूरपर्यंत बऱ्याच दुकानांचा अनुभव घेऊन झालाय आणि सगळ्यात कमी डोकेदुखी इथं होते असं माझं मत.

कारण अण्णा. मालक ते, सगळे अण्णाच म्हणतात. बाकीचे दुकानवाले दिलेलं टाईप करतात, अण्णा आधी वाचतात. कागद हातात घेतला की पहिला प्रश्न, "मॅडम, विद्यापीठाला की कॉलेजला?" आता हे विचारायची काय गरज असं वाटेल, पण गरज आहे, कारण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमात मुलाखतीला कुणाला बोलवायचं त्याचे दोन वेगळे तक्ते आहेत, एक विद्यापीठाच्या विभागांचा आणि एक कॉलेजांचा, आणि मार्क दोन्हीकडं वेगळे पडतात. हे आमच्याकडच्या भल्याभल्या सरांना माहीत नसतं, एकाच फाईलच्या झेरॉक्स मारून दोन्हीकडं पाठवतात.

मागच्या वेळी माझ्यापुढं एक पोरगी होती, अक्कलकोट रोडकडची, आई विड्या वळते म्हणाली. बीए 64 टक्के, एमए 58, सेट पास, पीएचडी नाही, अनुभव नाही. अण्णांनी वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीमागं हिशोब मांडला. विद्यापीठाच्या तक्त्यात बीएचे 13, एमएचे 20, सेटचे 3, झाले 36. कॉलेजच्या तक्त्यात बीएचे 19, एमएचे तेच 20, सेटचे 5, झाले 44. मग तिच्याकडं बघून म्हणाले, "अक्का, तू आधी कॉलेजचे फॉर्म भर की." ती म्हणाली पण आता पीएचडी लागत नाही म्हणतात ना, 2023 ला नियम बदलला. बरोबर आहे, 1 जुलै 2023 पासून थेट भरतीला नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता आणि पीएचडी ऐच्छिक. अण्णांनी काही न बोलता पेनानं तक्त्यातली पीएचडीची ओळ दाखवली, विद्यापीठाला 30, कॉलेजला 25. म्हणजे ऐच्छिक तर आहे, पण नसेल तर तुम्ही पळायला सुरुवात करायच्या आधीच पुढचे लोक 30 पावलं पुढं. हे एवढं स्वच्छ मला नेट झाल्यावर कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच पोरीचा विमाप्रचा (विशेष मागास प्रवर्गाचा) दाखला होता, पद्मशाली समाजातल्या बऱ्याच जणांकडं असतो तो, जात पडताळणी पण होती, सगळं व्यवस्थित प्लास्टिकच्या पिशवीत. अण्णांनी नॉन क्रिमीलेअर उलटून तारीख बघितली तर 31 मार्चलाच मुदत संपलेली. तिला वाटत होतं ते फक्त ओबीसीला लागतं. तिथंच थांबवलं तिला, "हे नवीन काढून आण, मग बाइंडिंग करू, आत्ता पैसे घालवू नको." हातातलं गिऱ्हाईक सोडून दिलं ओ माणसानं. खुल्या प्रवर्गातल्या बायकांना महिला आरक्षणासाठी आता नॉन क्रिमीलेअर लागत नाही, मे 2023 ला तसा जीआर आला, हे पण मला इथंच कळलं. ज्या ऑफिसात कळायला पाहिजे होतं तिथले बाबू अजून मागत होते.

दुकानात बसून राहिलं तरी शिक्षण होतं. एकीकडं तेलुगू, एकीकडं कन्नड, मधेच उर्दू, आणि सगळ्यांच्या हातात मराठी जाहिरात. चर्चा एकच, पद कुठल्या बिंदूवर, म्हणजे आरक्षणाच्या क्रमवारीत (रोस्टरमध्ये) कितव्या नंबरवर, पडलंय. एक सर 13 पॉइंट रोस्टरचा किस्सा सांगत होते, विभाग हे एकक धरलं की चौथं पद ओबीसीला, सातवं एससीला आणि चौदावं एसटीला, आणि विभागात माणसंच चार असली तर चौदावं पद उगवणार कधी. केंद्रीय संस्थांसाठी 2019 ला कायदा करून अख्खी संस्था एकक केली तेव्हा तो घोळ मिटला. आपल्याकडं बिंदू नामावली वेगळी आहे पण हिशोब समजून घ्यायला ते उदाहरण चांगलं.

कायम झालेले सर लोक पण येतात, कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, फाईली घेऊन. पगाराच्या लेव्हल 10 वरून 11 ला जायचं तर पीएचडी असेल तर चार वर्षं, एमफिल असेल तर पाच, नाहीतर सहा, वर ओरिएंटेशन, रिफ्रेशर, त्यांची सर्टिफिकेटं. आता शिक्षक प्रशिक्षणाचं मालवीय मिशन आल्यापासून बरेच कोर्स ऑनलाईन होतात, त्यामुळं लोकांकडं सर्टिफिकेटांचा गठ्ठाच असतो. एक गोष्ट अण्णांची लई आवडली, ओरिजिनल सर्टिफिकेटला लॅमिनेशन करून देत नाहीत, कितीही मागं लागा. पडताळणीला शिक्का-सही बघायला अडचण येते म्हणतात. (मी मात्र ते गठ्ठे बघून जरा चरफडते. कॅस कायम माणसालाच, सीएचबीवाल्यानं कितीही कोर्स केले तरी ते फाईलीचं वजन वाढवायलाच.) सीएचबीच्या अनुभवाचे दाखले लावताना विद्यापीठाचं मान्यता पत्र प्रत्येक वर्षाचं जोडायचं, वर्षाला 2 मार्क आहेत, वर्ष अपुरं असेल तर त्या प्रमाणात कमी. एका वर्षाचं पत्र नसेल तर ते वर्ष शिकवलंच नाही असं समजा.

आता तक्रारी. अण्णांचा नवीन पोरगा टायपिंगला बसला असेल तर प्रत्येक ओळ तपासा. माझ्या पेपरच्या शीर्षकात यंत्रमाग कामगार होते, त्यानं यंत्रमार्ग कामगार केले, छापून स्पायरल होईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. फुकट बदलून दिलं, पण अर्धा दिवस गेला. पान नंबर हातानं टाकतात, अनुक्रमणिका मात्र झकास करतात, छाननीवाल्याला शोधावं लागत नाही.

आणि सगळ्यात मोठी तक्रार, पायऱ्या. उंच तीन पायऱ्या, रेलिंग नाही. एक कुबड्यावाले सर आले होते, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) घेऊन, दिव्यांगांसाठी राखीव 4 टक्क्यांतल्या पदाला अर्ज करायचा होता, ते रस्त्यावरच उन्हात उभे आणि पोरगा खाली-वर कागद पोचवतोय. अण्णा स्वतः खाली गेले, खुर्ची दिली, सगळं खरं, पण एवढी वर्षं दुकान चालतंय, एक उतार बांधायला काय जातं? मी तोंडावर बोलले तर म्हणाले जागा भाड्याची आहे, घरमालक ऐकत नाही. असेल. पण लाकडी फळी तरी टाका.

पैसे वाजवी आहेत, बिल मागितलं तर देतात. यूपीआय चालतं पण रेंज गेली की रोख लागते. रविवारी बंद. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत गाडी लावायला जागा मिळत नाही, चालत या. जाहिरातीच्या शेवटच्या दोन दिवसांत गेलात तर अण्णा अर्ज वाचत बसत नाहीत, नुसतं छापून देतात, मग इथं काय आणि दुसरीकडं काय, सारखंच.