नेटकॉन्फने कॉन्फिग बॅकअप: आठ महिन्यांनंतर

नेटवर्क उपकरणांच्या कॉन्फिगच्या, म्हणजे सेटिंगच्या, ज्या बॅकअपवर माझा पूर्ण भरवसा होता, तो गरज पडली त्या रात्री अर्धाच निघाला. स्विच बंद पडला होता, बदली स्विच हाताशी होता, पण सेव्ह केलेली फाइल अठराव्या पोर्टच्या वर्णनापाशीच संपत होती. जुनी स्क्रिप्ट एसएसएचने, म्हणजे दुरून सुरक्षित जोडणीने, लॉगिन करायची, रनिंग कॉन्फिग दाखवणारी कमांड द्यायची आणि '#' दिसला की प्रॉम्प्ट, म्हणजे पुढच्या कमांडची वाट पाहणारी खूण, परत आला असं समजायची. कुणीतरी त्या पोर्टच्या वर्णनात '#' लिहिला होता. स्क्रिप्ट तिथेच थांबली, फाइल सेव्ह झाली आणि रिपोर्टमध्ये 'यशस्वी' उमटलं. हे किती आठवडे चाललं होतं ते जुन्या फाइल चाळल्यावर कळलं आणि पोटात गोळा आला.

तेव्हापासून जिथे जमेल तिथे नेटकॉन्फ, म्हणजे उपकरणांचं कॉन्फिग प्रोग्रामने वाचण्या-बदलण्याचा प्रमाणित प्रोटोकॉल. पायथनची एनसीक्लायंट लायब्ररी, पोर्ट ८३०, रोज रात्री एक फेरी.

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे उत्तर कुठे संपलं हे आता ओळखावं लागत नाही, उपकरणच ते सांगतं. जुन्या १.० आवृत्तीत निरोपाच्या शेवटी सहा चिन्हांची ठरलेली खूण येते. १.१ मध्ये, म्हणजे २०११ च्या आरएफसी ६२४२ पासून (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज), प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी येते आणि शेवटी समाप्तीची खूण. मध्येच लिंक तुटली तर हातात अर्धी फाइल राहत नाही, एरर येते. आठ महिन्यांत अशा एरर बऱ्याच आल्या आणि प्रत्येक वेळी मला बरंच वाटलं. जुन्या पद्धतीत त्यातल्या काही 'यशस्वी' म्हणून खपल्या असत्या.

सुरुवातीला एक चूक केली. फक्त कॉन्फिग मागणाऱ्या गेट-कॉन्फिग या नेटकॉन्फ आदेशाऐवजी साधं गेट वापरलं. त्यात कॉन्फिगसोबत चालू स्थितीही येते: काउंटर, अपटाइम, शेजारी राउटर. रोजची तुलना केली की शेकडो ओळी बदललेल्या दिसायच्या. हे दोन्ही वेगळे मागता यावेत ही मागणी नेटवर्क चालवणाऱ्यांनी २००२ च्या कार्यशाळेत केली होती. २००३ च्या आरएफसी ३५३५ मध्ये ती नोंदलेली आहे, आणि २००६ साली नेटकॉन्फचा पहिला आरएफसी आला. तो आरएफसी ३५३५ जरूर वाचा. एसएनएमपी हा उपकरणं सांभाळण्याचा जुना प्रोटोकॉल देखरेखीपुरता का उरला आणि कॉन्फिगसाठी लोक कमांड लाइनलाच का चिकटून राहिले, हे त्यात सरळ भाषेत आहे.

गेट-कॉन्फिगवर आल्यावरही तुलना लगेच स्वच्छ झाली नाही. उत्तर एक्सएमएलमध्ये, म्हणजे टॅगमध्ये मांडलेल्या मजकुरात, येतं; काही उपकरणं सगळ्यात वरच्या टॅगवरच शेवटच्या कमिटची, म्हणजे बदल लागू केल्याची, वेळ लिहितात, ती काढून टाकावी लागली. काही उपकरणं तोच इंटरफेस दोनदा देतात, एकदा कंपनीच्या स्वतःच्या यांग मॉडेलमध्ये (कॉन्फिगच्या रचनेच्या आराखड्यात) आणि एकदा अनेक कंपन्यांसाठी समान असलेल्या ओपनकॉन्फिगमध्ये. तिथे फिल्टर लावून एकच मॉडेल मागते. डीफॉल्ट मूल्यं दाखवायची की नाही, हेही उपकरणागणिक बदलतं. आरएफसी ६२४३ ची सोय असेल तिथे मागणीतच स्पष्ट लिहिणं उत्तम. मोठ्या राउटरला लायब्ररीचा ३० सेकंदांचा टाइमआउट पुरेना, तो १८० केला.

आता ज्याने मला खरंच हादरवलं ते. बॅकअपसाठी मी फक्त वाचण्याचे हक्क असलेलं वेगळं खातं केलं होतं, आणि ते योग्यच होतं. तिसऱ्या महिन्यात सहज म्हणून एका राउटरवर ॲडमिन खात्याने तेच गेट-कॉन्फिग चालवून पाहिलं, तर फाइल मोठी निघाली. नेटकॉन्फच्या परवानगीच्या नियमांत, म्हणजे आरएफसी ८३४१ मध्ये, जे वाचायचा हक्क नाही ते उत्तरातून गुपचूप वगळलं जातं. एरर नाही, इशारा नाही. उत्तर पूर्ण पोचतं, एक्सएमएल नीट बंद होतं, पण सुरक्षा-की आणि पासवर्डचे भाग त्यात नसतात. सुरक्षेच्या दृष्टीने हा नियम बरोबर आहे, पण बॅकअप घेणाऱ्याला तो माहीत असायलाच हवा. आता उपकरणांच्या प्रत्येक प्रकारातल्या एकावर दोन्ही खात्यांची उत्तरं ताडून पाहते आणि बॅकअप खात्याला नेमका तेवढाच हक्क वाढवून देते. त्या फाइल एन्क्रिप्ट करून ठेवते, हे वेगळं सांगायला नको.

बॅकअप परत चढवणं तीनदा करून पाहिलंय, दोनदा लॅबमध्ये, एकदा खरोखर. कॅन्डिडेट, म्हणजे लागू करण्याआधीची कच्ची प्रत, असलेल्या उपकरणावर आधी तपासणी, मग कन्फर्म्ड कमिट: ठरल्या वेळात, डीफॉल्ट ६०० सेकंदांत, पक्कं केलं नाही तर जुनं कॉन्फिग आपोआप परत येतं. दूरच्या राउटरवर हात टाकताना याचा फार आधार वाटतो. पण नव्या कोऱ्या स्विचवर नेटकॉन्फ सुरूच नसतं. कन्सोल केबल लावून बसलेल्या माणसाला एक्सएमएलचा काही उपयोग नाही, त्याला साध्या कमांडच लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा साधं टेक्स्ट कॉन्फिगही उतरवून ठेवते.

नेटकॉन्फ नसलेले काही जुने स्विच अजून जुन्या स्क्रिप्टवरच आहेत. तिथे आता शेवटची ओळ 'एंड' नसेल तर फाइल सेव्हच होत नाही, आणि सकाळी मला मेल येतो.