कॅच-२२: स्टोअर सांभाळलेल्या बाईनं वाचलेली युद्धाची कादंबरी

पाचपैकी चार तारे. कापलेल्या ताऱ्यातला अर्धा छपाईच्या खात्यात, अर्धा लेखकानं बायका जशा लिहिल्यात त्याच्या खात्यात. दोन्हींची कारणं पुढं येतील.

जोसेफ हेलरची ‘कॅच-२२’ मी पणजीत घेतली. पेपरबॅक, जाडजूड, बेचाळीस प्रकरणं. नावातला नियम पुस्तक न वाचलेल्यांनाही ठाऊक असतो. डोकं फिरलेल्या वैमानिकाला उड्डाणातून सूट मिळते, पण ती मागावी लागते. आणि जिवाच्या भीतीनं सूट मागतो तो अर्थातच शहाणा, म्हणून त्यानं उडायलाच हवं. पंचायतीत खेटे घालून आलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. तेवढ्यासाठी पुस्तक घेणार असाल तर पैसे वाचवा, ते कोडं सुरुवातीलाच सांगून संपतं. घ्यायचं ते पुढच्या कागदपत्रांसाठी.

मी डिचोलीची. माझी सगळी नोकरी किनाऱ्यावरच्या हॉटेलांत पर्चेस आणि स्टोअर सांभाळण्यात झाली. इंडेंट म्हणजे मालाची मागणी, जीआरएन म्हणजे माल आल्याची नोंद, बिन कार्ड म्हणजे रॅकवरच्या मालाचा हिशेब, आणि महिनाअखेरचं स्टॉक-टेकिंग. या कादंबरीवर विद्वान मंडळी बरंच जड लिहितात. मला ती सरळसरळ गोदामाची कादंबरी वाटली. १९४४ सालचं इटलीजवळचं पियानोसा बेट, अमेरिकन बी-२५ विमानं, आणि योसारियन नावाचा बॉम्ब टाकणारा माणूस, ज्याला फक्त जिवंत घरी जायचंय. हेलर स्वतः कॉर्सिकातून अशाच विमानात ६० उड्डाणं करून परतलेला. कादंबरीतल्या माणसांना मात्र परतायचा आकडा सापडत नाही, कारण ते जवळ पोचले की कर्नल कॅथकार्ट तो वाढवतो. सीझनमध्ये सेल्स टार्गेट हातात घेऊन फिरणाऱ्या पोरांना हा कर्नल ओळखीचा वाटेल.

आता मायलो. मायलो माइंडरबाइंडर हा स्क्वाड्रनचा मेस ऑफिसर. माल्टात सात सेंटला अंडं घेतो, मेसला पाच सेंटला देतो, तरी नफ्यात असतो. इथं लोक हसून पान उलटतात. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. अंडी मुळात सिसिलीत एक सेंटला घेतलेली. ती गुपचूप माल्टाला न्यायची, तिथं सव्वाचार सेंटला विकायची आणि सातला परत विकत घ्यायची. विकणारा मायलो, घेणाराही मायलो. पहिल्या फेरीत सव्वातीन सेंट सुटले, दुसऱ्या फेरीत पावणेतीन, मिळून सहा. मेसला देताना दोन सेंट तोटा. उरले चार. म्हणजे एक सेंटचं अंडं पाच सेंटला विकलं, एवढीच गोष्ट. मधला सगळा प्रवास दाखवण्यापुरता. हिशेब कुठंही चुकत नाही. हेलरची खरी करामत ही आहे. पुस्तकात वेडेपणा जितका वाढत जातो तितकी बेरीज बरोबर येते.

मला मायलोत अतिशयोक्ती फारशी दिसली नाही. मी जिथं होते त्यातल्या एका ठिकाणी मालकाची दुसरी फर्म होती. बर्फ आणि मासळी तिच्याकडूनच घ्यायची, म्हापशाच्या बाजारापेक्षा चढ्या दरानं. महिन्याच्या मीटिंगमध्ये मग शेफला उभं करून फूड कॉस्ट का वाढली म्हणून झाडायचं. शेफ गिऱ्हाइकाच्या ताटातला इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, तुकडा बारीक करायचा. कागदोपत्री सगळे नफ्यात, फक्त ताटाला तोटा.

मायलो तिथं थांबत नाही. ओर्व्हिएतोच्या पुलावर बॉम्ब टाकायचं कंत्राट तो अमेरिकेकडून घेतो आणि तोच पूल राखायचं कंत्राट जर्मनांकडून. दोन्हीकडून खर्च अधिक सहा टक्के. पुढं तो जर्मनांच्या कंत्राटावर स्वतःच्याच तळावर बॉम्ब टाकतो. ओरड होते, वर्तमानपत्रं खवळतात. मग तो खतावणी उघडून नफा दाखवतो आणि ओरड थांबते. आपल्या व्यापारी संस्थेत सगळ्यांचाच वाटा आहे, असं तो पहिल्यापासून सांगत आलेला असतो. मेलेल्यांचाही असावा.

त्या ओर्व्हिएतोवर मड नावाचा एक पोरगा मेला. तळावर नुकताच आलेला, हजेरी लावायच्या आधीच त्याला विमानात घातलं. त्याचं सामान योसारियनच्या तंबूतल्या खाटेवर पडून आहे आणि ते कुणाला हलवता येत नाही, कारण कागदोपत्री मड आलेलाच नाही. स्टोअरमध्ये बसलेला माणूस हे वाचून हसतो तेव्हा त्याच्या पोटात खड्डाही पडतो. जीआरएन नाही तर माल आला नाही. जो आला नाही तो परत पाठवता येत नाही, राइट-ऑफ करून बुकातून काढताही येत नाही. तो नुसता जागा अडवून बसतो.

डॉक्टर डॅनिकाचं याच्या बरोब्बर उलट. विमानात बसायची त्याला भीती, पण उड्डाणभत्ता हवा, म्हणून दुसऱ्याच्या विमानाच्या यादीत नाव तेवढं घालून घेतो. ते विमान डोंगरावर आदळतं. डॅनिका खाली जमिनीवर उभा आहे, थंडीनं कुडकुडतोय, आणि त्याच्याच हाताखालचे लोक त्याला सांगतात की आपण मेलात. रॅकवर माल, बुकात शून्य. असा माल मी कित्येकदा पाहिलाय. हाताला लागतो, वास येतो, पण किचनला इश्यू करता येत नाही. तिकडं अमेरिकेत बायकोला विम्याचे पैसे मिळू लागतात. नवऱ्याचं जिवंत असल्याचं पत्र येतं, तिचा जीव कासावीस होतो. मग सैन्याकडून सांत्वनाचं छापील पत्र येतं. त्यात श्रीमान, श्रीमती, कुमारी असे सगळे पर्याय तसेच ठेवलेले आणि मेलेला माणूस आपला नवरा, मुलगा, वडील की भाऊ, तेही न खोडलेलं. ती पोरांना घेऊन दुसऱ्या गावी जाते, पत्ता न ठेवता. माझ्या मते या पुस्तकातलं हे सगळ्यात क्रूर प्रकरण आहे, आणि त्यात रक्ताचा थेंब नाही.

राजनिष्ठेच्या शपथेचा भागही मेसमध्येच घडतो. कॅप्टन ब्लॅक ठरवतो की शपथेवर सही केल्याशिवाय जेवण नाही. मग मीठ, मिरपूड घ्यायची तर राष्ट्रगीत म्हणायचं. वैमानिक जेवायच्या रांगेत सह्या करत उभे, आणि ज्याच्यावर डूख आहे त्या मेजर मेजर नावाच्या अधिकाऱ्याला सही करायलाच द्यायची नाही, म्हणजे तो देशद्रोही ठरतोच. ही १९४४ची गोष्ट नव्हे. हेलर हे पुस्तक लिहायला १९५३च्या सुमारास बसला, तेव्हा अमेरिकेत, जिथं तिथं कम्युनिस्ट शोधणाऱ्या सेनेटर मॅकार्थीच्या नावानं अशा शपथांचा सुळसुळाट होता. मायलोचं घोषवाक्य, आपल्या संस्थेचं भलं ते देशाचं भलं, तेही तिथलंच. जनरल मोटर्सचा प्रमुख चार्ल्स विल्सन १९५३मध्ये संरक्षणमंत्री होताना सेनेटपुढं जवळपास असंच बोलला होता. म्हणजे गणवेश दुसऱ्या महायुद्धाचा, आतला माणूस पुढच्या दशकातला. हे ठाऊक असलं की पुस्तकातले बरेच विनोद उलगडतात. माझ्या प्रतीत टीपा नाहीत.

पुस्तक बाजारात आलं नोव्हेंबर १९६१मध्ये. पुढच्याच महिन्यात आमच्याकडे, तेव्हाच्या पोर्तुगीज गोव्यात, भारतीय सैन्य आलं. १४ डिसेंबरला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार यानं लिस्बनहून गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हाला कळवलं की तह नाही, शरणागती नाही. आपले सैनिक आणि खलाशी एक तर जिंकतील, नाही तर मरतील. लिस्बनमध्ये बसून असं लिहायला काही लागत नाही. १९ तारखेला संध्याकाळी वासालो ई सिल्व्हानं शरणागती दिली, माणसं वाचली, आणि त्याबद्दल त्याला सैन्यातून बडतर्फ केलं. सालाझारची राजवट पडल्यावर, १९७४मध्ये, ते मागं घेतलं. एक किस्सा इथंही सांगतात आणि पोर्तुगालातही: रणगाडाविरोधी दारूगोळ्याला सांकेतिक नाव दिलं होतं चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, मागणी गेली, आणि विमानातून आले ते खरेच चोरीस. खरा-खोटा देव जाणे. पण स्टोअरमधल्या माणसाला विचाराल तर तो डोळे मिटून विश्वास ठेवील. इंडेंटवर जे लिहिलं ते पाठवलं, पाठवणाऱ्याचं काय चुकलं? माझे सासरे तेव्हा शाळकरी होते. त्यांना आठवतो तो पूल उडवल्याचा आवाज आणि शाळेला मिळालेली सुट्टी. हेलरला हे दोन तपशील एका वाक्यात घालायला आवडले असते.

स्नोडेनबद्दल न सांगता पुढं जाता येणार नाही. अव्हिन्यॉंवरच्या उड्डाणात स्नोडेन नावाचा कोवळा पोरगा जखमी झाला, एवढं आपल्याला पहिल्यापासून तुटक तुटक कळत राहतं. दर वेळी लेखक थोडं सांगतो आणि दुसऱ्याच गमतीकडं वळतो. आमच्या पेडण्याच्या दशावतारात संकासुर तीच कोटी पुन्हा पुन्हा करतो आणि लोक तिसऱ्यांदा जास्त हसतात, तसं इथं होईल असं वाटतं. एकेचाळिसाव्या प्रकरणात अख्खा प्रसंग येतो. योसारियन प्रथमोपचाराची पेटी उघडतो. मॉर्फिनच्या बारा नळ्या असायला हव्यात. एकही नाही. जागी चिठ्ठी, सुवाच्य अक्षरात: संस्थेचं भलं ते देशाचं भलं, खाली मायलोची सही. पोरगा थंडी वाजते म्हणतोय आणि योसारियनच्या हातात उरतात दोन ॲस्पिरिन.

अंड्यांवर आपण हसलो तेव्हाच या नळ्या विकल्या गेल्या होत्या. पुस्तकाचं बांधकाम असं आहे की खरेदीची तारीख आधी दाखवतात आणि तुटवडा शेवटी. मी ते प्रकरण वाचून पुस्तक मिटलं आणि मागं जाऊन मायलोची पानं पुन्हा काढली. दुसऱ्यांदा हसू आलं नाही असं नाही. आलं, आणि स्वतःचाच राग आला.

आता तक्रारी. मधली शंभरएक पानं सैल आहेत. एकाच घडणीची वाक्यं, आधी विधान, लगेच त्याच्या उलट विधान, इतकी येतात की चौथ्या वेळी पुढचं आपणच म्हणू लागतो. काळ मागं-पुढं उड्या मारतो. योसारियनची किती उड्डाणं झालीत हा आकडा हेच कॅलेंडर समजा, म्हणजे वाट चुकणार नाही. बायकांचं म्हणाल तर रोममधल्या वेश्या, नर्सा आणि कुणाच्या तरी बायका. नेटली नावाचा तरुण वैमानिक ज्या मुलीवर जीव टाकतो तिला शेवटपर्यंत नावसुद्धा नाही. सैन्य माणसाला नंबर करून टाकतं म्हणून चिडलेला लेखक तेच करतो आणि त्याच्या लक्षात येत नाही. छपाई बारीक, मधल्या शिवणीत अक्षरं गडप होतात, पावसाळी हवेत कागद फुगला. चष्मेवाल्यांनी मोठ्या टायपाची प्रत शोधावी, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

एवढं जाड नको असेल तर कर्ट व्होनेगटची ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ घ्या, १९६९ची. मी ती पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीतून आणली. व्होनेगट ड्रेस्डेनमध्ये युद्धकैदी होता. फेब्रुवारी १९४५मध्ये शहर जळालं तेव्हा खाटीकखान्याच्या तळघरात असल्यामुळं वाचला. तिच्यातलं हसू हेलरपेक्षा खूप हळू आहे. प्रत्येक मरणामागं तेच तीन शब्द येतात, ‘सो इट गोज’, माणूस असो की शॅम्पेनमधले बुडबुडे. परग्रहावरचे प्राणी येतात तिथं मी थोडी दमले. पण एडगर डर्बीचा प्रसंग बघा. अख्खं शहर राख झालंय, कुणावर चौकशी नाही, आणि ढिगाऱ्यातून एक चहाची किटली उचलली म्हणून या मास्तरावर रीतसर खटला चालवून त्याला गोळी घालतात. यालाच ऑडिट म्हणतात. एक सूचना: पुस्तकात ड्रेस्डेनच्या मृतांचा १,३५,००० हा आकडा येतो, तो त्या काळच्या चुकीच्या स्रोतातून आला, इतिहासकार आज जास्तीत जास्त २५,००० म्हणतात. पुस्तकाचा जोर त्यानं कमी होत नाही, पण वादात तो आकडा फेकू नका. रिचर्ड हुकरची १९६८ची ‘मॅश’ही चाळली; कोरियातल्या डॉक्टरांच्या खोड्या, दुपारी आडवं होऊन वाचायला ठीक.

माझी प्रत सध्या हॉटेलच्या अकाउंट्समधल्या एका पोराकडं आहे. परवा त्याचा फोन आला. म्हणाला, मॅडम, तो मड, त्याची मागच्या तारखेनं एन्ट्री टाकून राइट-ऑफ का नाही केला? मी म्हटलं, पुढं वाच.